पहिल्या पाण्याचे पाहुणे

सोलापूर, ३ मे १९३३

राजमान्य राजश्री सिद्धलिंगप्पा यांस चन्नवीरचे शरणार्थ.

पत्रास कारण की, आपण नागव्वाच्या हाती पाठवलेल्या अकरा काकड्यांपैकी एक कडू निघाली. ही गोष्ट तोंडी निभावण्यासारखी नाही, म्हणून कागदावर घालतो. कोणतीही गोष्ट सिद्ध करायची तर आमच्या शास्त्राला प्रमाणे लागतात. प्रत्यक्ष : मी ती खाल्ली. अनुमान : त्यानंतरचे माझे तोंड पाहून शेजारच्या वकिलांनी विचारले, "काय शास्त्रीबुवा, कुणाची तार आली?" शब्द : खुद्द नागव्वा म्हणाली, "एक कडू असतीयाच. त्याबिगर बाकीच्यांची गोडी कळंल व्हय?" या तिसऱ्या प्रमाणावर मी हरकत घेत नाही. तरीही लेकीच्या सासऱ्याने लेकीच्या बापाला कडू काकडी पाठवावी हा अपराध क्षम्य की अक्षम्य, याचा निकाल आपणच द्यावा. उरलेल्या दहा गोड होत्या, पण त्यांचा या खटल्याशी संबंध नाही.

आता कामाचे. गेल्या वर्षी मी इथल्या एका साप्ताहिकात कल्लगुड्डीच्या डोंगरावरचे मल्लय्याचे देऊळ, पायथ्याची कोरीव बारव आणि वडाची सावली यांवर दीड स्तंभ लिहिला. तेव्हापासून गिरण्यांतले कारकून, बार्शीचे भुसारी, विजापूरचा घुमट पाहायला निघालेली आणि होटगीला गाडी बदलणारी मंडळी, अशी सगळी चार कोस छकड्यात हाडे खिळखिळी करून घेत आपल्या गावी येऊ लागली. आपली ओसरी, बिरप्पा धनगराचा छकडा आणि घोंगड्या, नागव्वाच्या भाकऱ्या, साऱ्यांना बरकत आली. शिवाय आपल्या गावचा कायदा! तो मी वर्गात दृष्टांत म्हणून सांगतो. वेशीत उतरलेला प्रवासी ज्या घरच्या हातचे पहिले पाणी पिईल, त्या घरचा तो पाहुणा. त्याचे जेवण, त्याचे अंथरूण, त्याचा ताप, त्याची हरवलेली वहाण, सगळे त्या घराने निस्तरायचे. दुसऱ्या घराने त्याला साधे "या बसा"सुद्धा म्हणायचे नाही. पुढे त्याची नातवंडे आली तरी तीही त्याच दारी. विद्यार्थ्यांना हे फार आवडते. त्यांच्या घरी पाहुणे फार येतात, पण असा कायदा नाही.

अशा प्रवाशांसाठी मी एक पत्रक छापून घेतले आहे, पाचशे प्रती. होटगीच्या फलाटावर आणि इथल्या दोन खानावळींत ठेवले आहे. गाडीची वेळ, उतरण्याची सोय, देवळात वहाणा न नेणे वगैरे पाच कलमे आहेत. सहावे असे : "पिण्याचे पाणी घरून उकळून, दुपदरी फडक्याने गाळून, फिरकीच्या तांब्यात आणावे. वाटेत किंवा मुक्कामी पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊ नये." हल्ली सगळ्याच पत्रकांत असे घालायची पद्धत आहे.

चि. सौ. सुंदरम्माचे पत्र आले होते. मजकूर नेहमीचाच. ऊन कडक आहे. तिला बारवेच्या पायऱ्या थोड्या कमी वेळा उतराव्या लागल्या तर बरे, असे आपले सहज मनात आले. सहजच.

आपला
चन्नवीर

*

कल्लगुड्डी, ९ मे १९३३

तीर्थरूप अप्पांना सुंदरम्माचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रक आलं. मामंजींनी पाच कलमं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. सहावं मनातल्या मनात वाचलं, कागदाची घडी केली आणि कोनाड्यात ठेवली.

अप्पा, ते सहावं कलम तुम्ही प्रवाशांसाठी छापलेलं नाही. घोट्यावर फोड आलाय असं मी लिहिलं आणि आठव्या दिवशी पाचशे पत्रकं तयार. एका मुलीला "ते पाणी पिऊ नकोस" हे सांगायला तुम्हाला छापखाना लागतो. तुम्ही सासरी बोलू शकत नाही, हे मला कळतं. म्हणून रागावत नाही.

फोड फुटला. आत पांढरा दोरा दिसतो. नारूच आहे. आईचा पाय मी पाहिलाय, मला ओळखायला वैद्य नको. कडब्याच्या काडीला रोज बोटभर गुंडाळते, वर चिंधी बांधते. सासूबाईंना पाय मुरगळला म्हणून सांगितलंय. आग फार होते. बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडला की तेवढं बरं वाटतं, म्हणून हल्ली पाण्याला मीच आपणहून जाते.

मामंजींना लिहू नका. तुम्हाला माझी शपथ आहे. यांनाही गदगला कळवलेलं नाही. आमच्या घरचं पहिलं पाणी देते मी. देणारीच्या पायात नारू म्हटल्यावर आमच्या ओसरीला कोण टेकेल? आणि बारव म्हणजे इथं मल्लय्याचं तीर्थ. घर वाईट नाही, अप्पा. सासूबाई सगळ्यांची नजर चुकवून माझ्या गव्हाच्या हुग्गीवर तूप ओततात. ते घर माझ्यामुळे बसायला नको.

काळजी करू नका. कराल, ते माहीत आहे. पण त्याचं आणखी काही छापू नका.

तुमची
सुंदरम्मा

*

कल्लगुड्डी, १७ मे १९३३

श्री. शास्त्रीबुवा यांना सिद्धलिंगप्पाचे शरणार्थ.

काकडीचा गुन्हा कबूल हाय. दंड म्हणून दोन पायली शेंगा धाडतो, त्यात एखादी किडकी निघाली तर वरच्या कोर्टात जा.

पर तुमच्या पत्रकानं हितं लई घोळ झालाय. गेल्या सोमवारी नऊ छकडे आले. वेशीत आमची सुंदरम्मा तांब्या घेऊन उभी, पल्याड बिरप्पाची बनाबाई तांब्या घेऊन उभी, आणखी तीन घरच्या बाया. पाहुणं खाली उतरलं, पिशवीतनं फिरकीचा तांब्या काढला आणि सगळ्यांदेखत गटागटा पिलं. म्हणतंय, "पाणी नको, आमचं हाय." आता सांगा, त्यो कुणाचा?

अशी नऊ छकड्यांतली माणसं वडाखाली उभी ऱ्हायली, आणि आमी पाच घरं त्यांच्याकडं बघत उभी. बोलवावं तर कायदा मोडतोय. न बोलवावं तर पाहुणा उन्हात करपतोय. शेवटी बिरप्पा पुढं झाला आणि तीन कुटुंबं घेऊन सरळ आपल्या मेंढरांच्या वाडग्याकडं चालाय लागला. मी आडवा गेलो. म्हणलं, "बिरप्पा, ही काय रीत हाय?" तर म्हणतो, "अण्णा, पानी न पिल्यालं मानूस म्हंजी रानातलं हरीण. धरंल त्याचं. रीत तुमच्या व्याह्यानं मोडली, मला कशापायी बोलता?"

बारा वर्सं त्याचा छकडा आणि माझी ओसरी. त्यानं होटगीवरनं आणलेला पाहुणा माझ्या घरचं पाणी पिला तर त्यानं कधी तोंड वाकडं केलं न्हाई. माझ्या पाहुण्यानं थंडीत घोंगडी मागितली तर मी त्याच्याच घरची आणली. आज त्यो मला मारुतीच्या पारावर बघून दुसरीकडं तोंड करतोय.

तुमी शिकलेले हाय. बारवेत नारू हाय असं तुमी लिहिलं न्हाई, मान्य. पर माणसं तेवढी येडी न्हाईत. काय म्हणून छापलंत, तेवढं सांगा. मला वाईट वाटलं म्हणून इचारतो.

सुंदरम्मा बरी हाय. पाय मुरगळला होता, आता चालती.

तुमचा
सिद्धलिंगप्पा

*

सोलापूर, २१ मे १९३३

राजमान्य राजश्री सिद्धलिंगप्पा यांस शरणार्थ.

शेंगा पोचल्या. एकही किडकी निघाली नाही, त्यामुळे वरच्या कोर्टात जाण्याची माझी वाट आपण बंद केलीत.

आपण विचारता, काय म्हणून छापले. उत्तर असे की शहरात छापील कागदाला किमान सहा कलमे नसली तर लोक त्याला लग्नाची जाहिरात समजतात. पाच सुचली, सहावे जुळत नव्हते, मग आरोग्यखात्याच्या एका फलकावरून उचलले. वाईट वाटून घेऊ नये. बारवेच्या कोरीव कामाचा मी सोलापुरातला एकमेव जाहीर भक्त आहे.

राहिला कायद्याचा प्रश्न. मी त्यावर दोन दिवस विचार केला, एक दिवस मुलांचे निबंध न तपासता केला. पाणी हे निमित्त आहे. प्रवाशाने कुणाच्या तरी हातून काही तरी घेतले पाहिजे, एवढाच कायद्याचा गाभा. मग ते पाणीच कशाला? गुळाचा खडा चालेल. गूळ उकळून आणा, असे कुठलेच पत्रक सांगत नाही. बिरप्पाशी बोला. तो हरणाचा दृष्टांत देतो म्हणजे न्याय शिकलेला नसला तरी न्यायाच्या जवळ राहतो. असा माणूस पटवायला सोपा असतो, फक्त त्याला आधी बोलू द्यावे लागते.

एक लाभ मात्र झाला असेल. पाहुणे पाणी घेत नाहीत म्हणजे सुंदरम्माच्या कळशा निम्म्या झाल्या असणार. त्या किती झाल्या हे कळवले तर बरे. मुरगळलेल्या पायाला पायऱ्या वाईट. आणि आमच्याकडे एक समजूत आहे, मुरगळलेला पाय साठवलेल्या पाण्यात बुडवू नये, विशेषतः बारवेच्या. लेप लावावा, कोरडा ठेवावा. समजूत जुनी आहे, आधार सापडला की कळवीन.

तिचे पत्र बारा दिवसांत नाही. टपालखात्यावर माझा विश्वास आहे, म्हणजे आजपर्यंत होता. काल शाळेतून येताना दोनदा पोस्टात डोकावलो. पोस्टमास्तर म्हणाले, "शास्त्रीबुवा, पत्र आलं तर ते तुमच्या घरी चालत येतं, तुम्ही इथं येऊन ते लवकर येत नाही." तर्क बिनतोड आहे. आज पुन्हा गेलो होतो.

आपला
चन्नवीर

*

कल्लगुड्डी, ८ जून १९३३

श्री. शास्त्रीबुवा यांना शरणार्थ.

गुळाचं ऐकलं. बिरप्पाला आधी बोलू दिलं, पाऊण तास बोलला, मग हो म्हणाला. पहिल्याच सोमवारी पाची घरच्या बाया गुळाच्या वाट्या घेऊन वेशीत उभ्या. पहिल्या छकड्यातनं बार्शीच्या एका पेढीवाल्याची सात पोरं उतरली. त्यांनी आमच्याकडचा खडा घेतला, बनाबाईकडचा घेतला, उरलेल्या तीन वाट्या पुसून काढल्या आणि पुन्हा आमच्याकडं आली. कायद्यानं ती पोरं पाची घरची झाली. बापानं गूळ खाल्लाच न्हाई, त्याला साखरेची लघवी हाय म्हणं. आता बाप कुणाचा, पोरं कुणाची? बिरप्पा म्हणतो, "शास्त्रीबुवांस्नी इचारा, पोरं कापून वाटायची काय?" तुमच्या गुळाला मुंग्या लागल्या बघा.

मग मी माझी अक्कल चालवली, आणि ती लागू पडली. दुखणं कुटं हाय? पाहुण्याला पाण्याची भीती हाय. मग भीती काढायची. आता पाहुणं उतरलं की सुंदरम्मा बारवेची भरलेली कळशी घेऊन पुढं येती. मी म्हणतो, "ही सोलापूरच्या शास्त्रीबुवांची लेक. पत्रक छापलं ते हिच्याच बापानं. बघा." आणि ती सगळ्यांसमोर तांब्याभर पिती. शास्त्र्याची लेक पिती म्हणल्यावर माणसं हसतात, आपलं झाकण लावतात आणि तिच्या हातचं घेतात. गेल्या आठ दिवसांत आठ कुटुंबं आमच्या ओसरीला. ज्येष्ठातली गर्दी हाय, कधी दिवसाला दहा-बारा तांबे व्हतात तिचे.

पोर गुणाची. एका शब्दानं न्हाई म्हणाली न्हाई. एकदा फकस्त म्हणाली, "मामंजी, आधी गाळून घेऊ का?" मी म्हणलं, "बाळ, लोकांदेखत गाळलंस तर मग उपेग काय?" तिला पटलं.

बिरप्पा जास्तच बिथरलाय. म्हणतो, ही बी चोरीच हाय, शास्त्र्याची लेक समद्यांच्या घरी कुटं असती? त्यानं आणि त्याच्या भावकीनं होटगीला छकडं न्यायचंच बंद केलंय. पाहुणं आता चालत येतंय न्हाई तर येतच न्हाई. पर त्यो आज ना उद्या वळणावर येईल.

कळशांचं इचारलंत. निम्म्या न्हाई, दुप्पट झाल्या.

तुमचा
सिद्धलिंगप्पा

*

सोलापूर, १२ जून १९३३

राजमान्य राजश्री सिद्धलिंगप्पा यांस शरणार्थ.

आपले पत्र मिळाले. युक्ती पाहिली.

माझी एक अडचण आहे. बाजारात कैऱ्या आल्या आहेत, आणि लोणचे घालणारे या घरात कोणी नाही. गेल्या वर्षी मी स्वतः घातले होते. त्याला पंधरा दिवसांत जे आले त्याला व्याकरणात नाव नाही. तरी सुंदरम्माला आठ दिवस, फार तर पंधरा, माहेरी पाठवावे. पत्र पोचल्याबरोबर पाठवावे. कैऱ्या थांबत नाहीत. सोबत नसेल तर मी होटगीला येऊन थांबतो, वेशीपर्यंतसुद्धा येतो, आपल्याला कसलाही त्रास नाही.

तोपर्यंत तिने लोकांसमोर पाणी न प्यावे. बापाचे नाव असे रोज वेशीत उभे करू नये, मला संकोच वाटतो. एवढेच कारण आहे.

आपल्या पत्रातले "तिला पटलं" हे दोन शब्द मी बऱ्याचदा वाचले.

चन्नवीर

*

कल्लगुड्डी, २१ जून १९३३

श्री. शास्त्रीबुवा यांना शरणार्थ.

हे पत्र नागव्वाच्या हाती देतो. ती भाकरीसाठी जोंधळं घ्यायला उद्या सकाळी सोलापूरला येतीया आणि दुपारच्या गाडीनं परत निघतीया.

लोणच्यासाठी सून पाठवा म्हणता. शास्त्रीबुवा, मी चार इयत्ता शिकलोय, पर बारा गावचं गिऱ्हाईक बघितलंय. कैरीसाठी कुणी वेशीपर्यंत येतो म्हणत न्हाई. आधी तुमी आमच्या तीर्थाला नाव ठेवलं, आता लेक न्यायला बघता. आमचं घर तुमाला कमी वाटत असंल तर तसं लिवा. पोर आमची बी हाय. पाठवणार न्हाई.

हे मी परवाच लिहून ठेवलं होतं, रागात. फाडत न्हाई, पर त्यापुढं काय झालं ते ऐका.

सोमवारी बार्शीची एक म्हातारी आली, रंभाबाई नावाची, एकटीच. छकडा नसल्यानं होटगीवरनं चालत. आपल्या तांब्यातलं पाणी तिनं वाटेतच संपवलेलं. वडाखाली आली आणि बसल्या जागी आडवी झाली. आमी पाची घरं आपापल्या दारात. कुणाचं पाणी तिनं घेतलेलं न्हाई, म्हंजी ती कुणाचीच न्हाई. म्हातारी आजारी. जो उचलंल त्याच्या गळ्यात, मेली तर मयत बी त्याच्याच दारात. मी वाट बघितली बिरप्पाची, त्यानं माझी. शास्त्रीबुवा, खोटं सांगत न्हाई, सावली वडाच्या ह्या अंगाची त्या अंगाला गेली. असं ह्या गावात कधी घडलं नव्हतं.

मग आमची सुंदरम्मा निघाली. कुणाला इचारलं न्हाई. तिचा पाय भुईला टेकत नव्हता, भिंतीला धरत, मग वडाच्या पारंबीला धरत गेली. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि वंजळीनं पाणी पाजलं. म्हणाली, "आजी, आता तुमी आमच्या." ते बघून बिरप्पा आपली घोंगडी घेऊन पळत आला. म्हणतो, "पानी तुमचं, पर घोंगडी माजी. उचला अण्णा, तिकडनं धरा." दोघांनी मिळून म्हातारीला ओसरीवर आणली. ती आता पेज खाती. बिरप्पा माझ्या ओसरीवर बसला, तंबाखू मळली, मला बी दिली. महिन्याभरानं. उद्यापासनं छकडा होटगीला जाणार हाय. ह्या आनंदात मी राग सोडलाय, तुमी बी सोडा.

सुंदरम्माच्या पायात काटाच असंल. चिंधी सोडून कुणाला दाखवत न्हाई. सुजलाय गुडघ्यापातूर, अंगात थोडी कणकण हाय. बिरप्पा म्हणाला, "अण्णा, मेंढराच्या पायातलं काटं आमी दिसाला धा काढतो. सुक्रवारी सकाळी चिमटा घिऊन येतो, एका झटक्यात भाईर." त्यो आपणहून म्हणाला, मी न्हाई कसं म्हणू? आत्ता कुटं जुळलंय. हात लई धीट हाय त्याचा. काटाच असंल.

तुमचा
सिद्धलिंगप्पा

*

सोलापूर, २२ जून १९३३, दुपारी बारा

सिद्धलिंगप्पा,

नागव्वा दारात उभी आहे. तिची गाडी चुकू नये म्हणून सरळ लिहितो, जे मला जमत नाही. मी स्वतः शाळेत रजेचा कागद देऊन संध्याकाळच्या गाडीने निघतो. होटगीला छकडा असेल तर बसेन, नसेल तर चालत येईन. पण रात्री होटगीला अडकलो तर शुक्रवारी सकाळी बिरप्पा माझ्या आधी पोचेल, म्हणून हे पत्र पुढे.

तिच्या पायाला चिमटा लावू देऊ नका. काटा नाही, नारू आहे. "काटाच असंल" असे आपण दोनदा लिहिले आहे. काटा असता तर एकदा पुरले असते. म्हणजे आपल्यालाही माहीत आहे. मला मे महिन्यापासून माहीत आहे. सुंदरम्माने लिहिले होते आणि आपल्याला कळवू नये म्हणून शपथ घातली होती, आपल्या ओसरीसाठी. ती शपथ मी आत्ता मोडली.

सहावे कलम मी एका माणसासाठी छापले. तोंडावर सांगायचे धैर्य नव्हते, लेकीचा बाप म्हणून लाज होती, म्हणून पाचशे लोकांना सांगितले आणि आपले गाव उभे-आडवे फाडले. आणि त्याच कागदामुळे तिला दिवसाला दहा तांबे तेच पाणी प्यावे लागले. यात आपला दोष निम्मासुद्धा नाही. आपण फसलात ते मी खरे लिहिले नाही म्हणून.

आणखी एक. आग शमावी म्हणून ती बारवेत पाय सोडून बसते. नारूची बीजे त्याच वेळी पाण्यात पडतात, असे आरोग्यखात्याचा तो फलक सांगतो. मेपासून ते पाणी जो न गाळता प्यायला, आपले पाहुणे, बिरप्पाचे, आपण स्वतः, त्यांपैकी कितीकांना पुढच्या उन्हाळ्यात फोड येतील, मी सांगू शकत नाही. हे मला ठाऊक होते. मी मोघम एक समजूत म्हणून लिहिले, आणि बाकी पत्रभर आपल्याशी गुळाची चर्चा केली. आजपासून पाणी फडक्याने गाळल्याशिवाय कुणाला देऊ नका. लोकांदेखत गाळा. लोक गेले तर जाऊ देत. बिरप्पाला हे सगळे वाचून दाखवा. तो रागावेल, पण ज्याने घोंगडी आणली तो ऐकेल.

आता जे कुणाला सांगितलेले नाही ते. सुंदरम्माची आई, शिवबाई, नारूने गेली असे आपल्याला लग्नाच्या बोलण्यात सांगितले होते. मुलीलाही तेच माहीत आहे. ती तेव्हा सात वर्षांची होती. वैद्याने रोज बोटभर ओढा म्हणून सांगितले होते. मी अठरा दिवस तसे केले. एकोणिसाव्या दिवशी मला पुण्याला परीक्षक म्हणून जायचे होते, आणि ते लवकर संपावे असे मला वाटले. मी हातभर ओढला. तो आत तुटला. पाय काळा पडला, ताप चढला, अकराव्या दिवशी ती गेली. हात माझाही धीट होता.

चिंधी कोरडी ठेवा. पायाला कुणी हात लावू नका, मीसुद्धा लावणार नाही. सोबत इथल्या दवाखान्यातले डॉक्टर आणतो आहे. घोट्यापुरता सुजला असता तर एक गोष्ट होती. आपण गुडघ्यापर्यंत लिहिले आहे, आणि कणकण. शिवबाईचेही तसेच सुरू झाले होते. म्हणजे कदाचित दोरा आतच तुटला असेल, तिच्याच हातून, चिंधीखाली, एकटीने गुंडाळताना.

माझी मुलगी मरेल अशी मला भीती वाटते.

चन्नवीर